एक दिवस नांदूरमध्यमेश्वरला, काहीही न शोधता

पत्र: "वय 52, ठाण्यात राहते. तीन वर्षं सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचं सगळं मीच केलं. आषाढात त्या गेल्या. आता दिवस मोकळा असतो, पण कशात मन लागत नाही. दिवाळीत घरच्यांनी हट्टाने ताडोबाला नेलं. वाघ दिसला, सगळे खूश. मी मात्र गेले होते त्याहून दमून परत आले. मैत्रीण म्हणते, थंडीत एक दिवस पक्षी बघायला जाऊ. त्याने खरंच काही होतं का, की ही पण एक टूमच? जायचं तर कुठे, काय घेऊन? मला चष्मा आहे, गुडघे दुखतात. आणि काहीच दिसलं नाही तर? यजमान म्हणतात, त्यापेक्षा गोव्याला चल." – एक वाचक, ठाणे

ताई,

ताडोबाला जाऊन तुम्ही दमलात याचं आम्हाला नवल वाटलं नाही. सफारी म्हणजे पाळत. सांबराचा, वानराचा इशारा आला की कान टवकारायचे, गाडी पळवायची, दुसऱ्या जिप्सींच्या आधी वळणावर पोचायचं, आणि मनात सतत घड्याळ: अजून दिसला नाही, आता वेळ संपेल. तीन वर्षं तुम्ही घरात हेच केलंत. रात्री खोकला ऐकला की उठायचं, औषधाची वेळ चुकवायची नाही, श्वास नीट चालला आहे ना ते बघायचं. पाळतीने थकलेल्या बाईला घरच्यांनी प्रेमाने पुन्हा पाळतीवरच नेऊन बसवलं. वाघाचा त्यात दोष नाही.

म्हणून तुमच्यासाठी जागा अशी हवी, जिथे काही शोधावंच लागणार नाही. थंडीतलं उथळ पाणी तसं असतं. पक्षी उघड्यावर, शेकड्यांनी, दिवसभर डोळ्यांसमोर. त्यांना तुमच्याकडून दाणा नको, पाणी नको, लक्षही नको. उलट तुम्ही तिथे नसलात तर ते जास्त खूश. कुणाचं काही करायला लागू नये आणि तरी समोर जीव हालता-चालता असावा, ही चैन तुम्हाला बरेच दिवस मिळालेली नाही. त्याने होतं काय, तर डोकं दोन-तीन तास बाहेरच्या गोष्टीला लागतं आणि शरीर थोडं सैल पडतं. एका दिवसात एवढंच. यापेक्षा मोठी आश्वासनं कुणी दिली तर ती टूम समजा.

आमची शिफारस नांदूरमध्यमेश्वरची आहे. उजनी जलाशयाकाठचं भिगवण नावाजलेलं आहे, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) तिथे जवळून दिसतात, पण तिथला दिवस होडीवर जातो. इंजिनाचा आवाज, नावाड्याची घाई, 'मॅडम, इकडे बघा' हे तुम्हाला तूर्त नको. नांदूरमध्यमेश्वर निफाड तालुक्यात, नाशिकहून साधारण 40 किलोमीटरवर. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे ब्रिटिश काळात बंधारा बांधला. नद्यांनी आणलेला गाळ त्यामागे साचत गेला आणि उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती असा पसारा आपोआप तयार झाला. 1986 मध्ये अभयारण्य जाहीर झालं, 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, नाव आलं. महाराष्ट्रातली ती पहिली रामसर पाणथळ. इथे बांधावरून चालायचं, निरीक्षण मनोऱ्यावर नाहीतर काठावर बसायचं. बसणाऱ्यांची जागा आहे ही. प्रवेश, मनोरे, गाईड यांची सोय चापडगावच्या बाजूला आहे.

डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य या काळातला मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार धरा. शनिवार-रविवारी शाळांच्या सहली असतात आणि हातभर लांब लेन्सा घेतलेल्यांची रांग मनोऱ्यावर असते. 31 डिसेंबर आणि संक्रांतीचा आठवडाही टाळा. ठाण्याहून मध्यरात्री निघून पहाटे पोचायचा बेत बरेच जण करतात, तो करू नका. कसारा घाटातलं धुकं आणि रात्रीची झोपमोड यांनी सकाळीच दिवस संपतो. आदल्या दिवशी दुपारी निघा, नाशिकला किंवा निफाडला मुक्काम करा, नऊला झोपा. जानेवारीत तिकडे सूर्य सात-सव्वासातला उगवतो. नाशिकहून पावणेसहाला निघालात तर उजाडायच्या बेताला पोचता.

निघण्याच्या आदल्या दिवशी गाईडला फोन करून दोन प्रश्न विचारा. पाणी किती आहे, आणि फाटक किती वाजता उघडतं. पहिला प्रश्न जास्त महत्त्वाचा. कालव्यांना आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचं पाळीचं पाणी, सुटलं की पातळी खाली येते, चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि शेकाटे, तुतारी, पाणटिवळे असे चिखलात चोच घालणारे पक्षी काठाशी येतात. वरच्या धरणांतून पाणी आलं की तेच पट्टे बुडतात, हे पक्षी निघून जातात, आणि बदकं दूर मध्यावर सरकतात. एकाच आठवड्यात दोन माणसं जाऊन येतात, एक म्हणतो खजिना आहे, दुसरा म्हणतो काही नाही. दोघंही खरं बोलत असतात.

आता थंडी. निफाडचा पारा ज्या दिवशी बातम्यांत येतो त्या दिवशी तो 5-6 अंशांवर उतरलेला असतो आणि द्राक्षबागायतदार मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात. ठाणेकराला ही थंडी माहीत नसते. चालताना काही वाटत नाही. वीस मिनिटं बसलं की पाठ आणि पावलं गार पडतात, मग माणूस चुळबुळ करतो आणि समोरचं सगळं उडवून लावतो. आत अंगासरशी थर्मल, वर लोकरी स्वेटर, त्यावर वारा अडवणारं काहीतरी, पायांत लोकरी मोजे, डोक्याला कानटोपी. वरचं जाकीट सळसळणारं नायलॉनचं नको. रंग मातकट, खाकी, गडद हिरवा. पांढरा आणि लाल नको, पांढरा तर मुळीच नको, तो लांबूनही उठून दिसतो. घरात घोंगडी असेल तर तीच सगळ्यात चांगली: काळपट, निःशब्द, उबदार. अर्धी खाली, अर्धी गुडघ्यांवर.

तुमच्या गुडघ्यांसाठी घडीचं स्टूल घ्या, पण बसायची उंची 40 ते 45 सेंटिमीटर हवी. दुकानात छान दिसणारी बुटकी स्टुलं 25-30 सेंटिमीटरची असतात. त्यावर बसलात तर उठताना मैत्रिणीला ओढून काढावं लागेल. घेतल्यावर घरी अर्धा तास बसून बघा.

दुर्बीण 8×42 ची. पहिला आकडा किती पट जवळ दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार 10×50 पुढे करील, 'जास्त पॉवर' म्हणेल. ती जड असते, चित्राचा आवाका लहान होतो आणि हाताची थरथरही दहापट दिसते. विकत घ्यायची घाई नको, पहिल्या वेळी कुणाकडून तरी मागून आणा. जागेवर भाड्याने मिळाली तर ठीक, पण त्या भरवशावर जाऊ नका.

चष्मा असणाऱ्यांचं एक दुखणं ठरलेलं असतं: दुर्बिणीतून काळ्या कडांचं लहानसं वर्तुळ दिसतं आणि माणूस म्हणतो, मला नाही जमत. डोळ्यापाशी जे रबरी कडं असतं ते फिरवून पूर्ण आत घाला किंवा बाहेर दुमडा, चष्मा काढू नका. मग मधला सांधा कमी-जास्त वाकवून दोन वर्तुळांचं एक करा. आता 30-40 मीटरवरच्या पाटीकडे बघत उजवा डोळा मिटा आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. नंतर डावा मिटा, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरचं कडं फिरवा. हे एकदाच करायचं असतं. त्यानंतर फक्त मधलं चाक. ही जुळणी घरच्या गॅलरीत करून ठेवा. पक्ष्यावर दुर्बीण नेताना आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरायचा, नजर हलवायची नाही, आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत उचलायची. खाली बघून दुर्बीण लावणाऱ्याला पक्षी सापडत नाही.

बसायची जागा निवडताना सूर्य पाठीशी हवा. सकाळी पूर्वेला पाठ, तोंड पश्चिमेला. उलट बसलात तर चकाकत्या पाण्यावर सगळी बदकं काळी दिसतील. वाराही पाठीमागून असेल तर उत्तम, कारण पाणपक्षी वाऱ्याला तोंड करून उतरतात आणि उडतात, म्हणजे तुमच्याकडे तोंड करून. थंडीत तिकडे सकाळचा वारा बऱ्याचदा उत्तरेकडून किंवा पूर्वेकडून असतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी साधतात. मात्र उसाच्या कडेला बसू नका, आणि झुंजूमुंजू अंधारात तर नकोच. निफाडच्या उसात बिबटे राहतात. बिबट्या उभ्या माणसाला सहसा टाळतो, बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला लहान प्राण्यासारखा दिसतो. लख्ख उजाडेपर्यंत गाडीत थांबा, मग मनोरा गाठा किंवा दोन्ही बाजूंनी उघडा असलेला बांध.

बसलात की पहिली वीस-पंचवीस मिनिटं दुर्बिणीला हात लावू नका. तुम्ही येताच जवळचे पक्षी सरकलेले असतात. ते परत येईपर्यंत तुमचंही डोकं घरातून इथे पोचतं. धुकं असेल तर ही वेळ आणखी लांबेल. गोदाकाठी जानेवारीत आठ-साडेआठपर्यंत समोरचं काही दिसत नाही असे दिवस येतात. बरेच लोक वैतागून चहाला निघून जातात आणि धुकं फाटतं तेव्हा टपरीवर असतात. तुम्ही थांबा आणि ऐका. चक्रवाकांची नाकातली 'आँग, आँग', जांभळ्या पाणकोंबड्यांचं लव्हाळ्यातलं कुरकुरणं, मध्येच शेकडो पंख एकदम फडफडल्याचा आवाज.

नंतर एकच पक्षी निवडा. यादी करू नका, नावं पाठ करू नका. सुरुवातीला टिबुकली घ्या, मुठीएवढं बिनशेपटीचं तपकिरी पिल्लू वाटावं असा पक्षी. ती बुडी मारते. मनात आकडे मोजा आणि ती कुठून वर येईल याचा अंदाज करा. बहुधा दहा ते वीस सेकंद, आणि अंदाज बहुधा चुकतो. अशा दहा बुड्या मोजल्या की लक्षात येईल, मधल्या वेळात दुसरा विचार आला नव्हता. मग थापट्या बदकांकडे वळा. फावड्यासारखी चोच पाण्याला टेकवून ती गोल-गोल पोहतात, पुढच्याच्या पायांनी ढवळलेलं पाणी मागचा गाळून घेतो. चोचीच्या कडेला बारीक दाते असतात, त्यांत किडे आणि बिया अडकतात. तलवार बदक डोकं पाण्यात घालून शेपूट आभाळाकडे करतं. चमचा पक्षी चोच पाण्यात अर्धवट उघडी ठेवून डावीकडे-उजवीकडे फिरवत चालतो, डोळ्यांनी नव्हे, स्पर्शाने मासा पकडतो. पाणकोंबडी लव्हाळ्याचा कोंब पायाच्या बोटांत धरून खाते, हातात धरावा तसा. एवढी मंडळी एकाच पाण्यात जेवतात आणि फारसं भांडण होत नाही, कारण प्रत्येकाचं ताट वेगळं.

चक्रवाक ओळखायला सोपे: विटकरी-नारिंगी अंग, फिकट डोकं, बहुतेक जोडीने. जुन्या काव्यात त्यांची रात्री ताटातूट होते. प्रत्यक्षात ते रात्रीही चरत असतात आणि एकमेकांना हाका देत असतात. लडाख-तिबेटकडून ते इथवर येतात, आणि मार्चनंतर परत जातात.

पक्षी काय सांगताहेत ते कळलं की तुमची चूक लगेच लक्षात येईल. चरणारी बदकं मान वर करून ताठ झाली, सगळ्यांची तोंडं एकीकडे वळली, संथपणे लांब पोहायला लागली, तर ते तुमच्यामुळे. जिथे असाल तिथे थांबा, हात खाली घ्या. तरी पुढे गेलात तर थवा उठेल. परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी अशा उड्डाणांत जाते, म्हणून 'उडताना फोटो छान येतो' म्हणून टाळ्या वाजवणाऱ्याला बिनदिक्कत झापा. पण तुम्ही स्तब्ध असताना सगळं पाणी एकदम उठलं, तर वर बघा. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला असेल, गाईड त्याला मार्श हॅरियर म्हणतात. पंख किंचित वर उचलून लव्हाळ्यावरून तरंगत जातो. चांदवे, म्हणजे कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे पाणपक्षी, त्याला बघून दाटीने एकत्र येतात. त्याच पाण्यावरून कैकर हा फक्त मासे खाणारा शिकारी पक्षी गेला तर बदकं मान वर करून बघतात आणि पुन्हा खायला लागतात. कुणाला घाबरायचं, कुणाला नाही, याचा हिशेब त्यांच्याकडे चोख असतो.

बाथरूमचा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण बायकांच्या अशा सहली त्यापायीच फसतात. पहाटे मुक्कामाच्या जागी जाऊन निघा, प्रवेशद्वारापाशी सोय उघडी आहे का ते फोनवर विचारून ठेवा, थर्मासमधला चहा एकच कप. पाणी मात्र थांबवू नका, दर तासाला चार घोट घ्या. खायला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ-खोबरं. पुडीचं काही असेल तर घरीच कापडी पिशवीत काढून घ्या. शांत सकाळी चुरचुरणारी पुडी दूरवर ऐकू जाते.

मैत्रिणीला न्याच, पण आधी ठरवा: साडेसात ते साडेनऊ बोलायचं नाही, आणि दोन स्टुलांत दहा पावलं अंतर. पटलं नाही तर ती मैत्रीण दुसऱ्या सहलीला. गाईड घ्या, स्थानिक पोरं आहेत, नजर तयार आहे. पण त्यांची सवय पुढचा पक्षी, मग त्याच्या पुढचा अशी असते, कारण पाहुणे मोजणी मागतात. 'एक तास दाखव, मग आम्हाला इथेच बसू दे' असं सुरुवातीलाच सांगा आणि पैसे ठरलेले पूर्ण द्या. फोन एअरप्लेन मोडवर. आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप आज नको, आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं तर कधीच नको.

अकराच्या पुढे ऊन चढतं, पाण्यावरची हवा थरथरायला लागते, दुर्बिणीत सगळं वितळल्यासारखं दिसतं. पक्षीही चोच पाठीत खुपसून झोपतात. तुम्हीही जेवा, बाभळीच्या सावलीत घोंगडीवर आडव्या व्हा. तिथे गाढ झोप लागली तर कुणी उठवू नये असं मैत्रिणीला सांगून ठेवा. तुमच्या बाबतीत तो दिवसाचा सगळ्यात उपयोगी भाग ठरू शकतो. रडू आलं तरी अडवू नका. चारनंतर पुन्हा दीड तास, आणि सूर्य मावळायच्या आत गाडीपाशी. बिबट्याचं कारण तेच.

'काहीच दिसलं नाही तर?' इथे जानेवारीत काहीच न दिसणं जवळपास अशक्य. बगळे, चांदवे, शेकाटे, खंड्या एवढे तर असतातच. क्रौंच दिसले नाहीत, पाणमांजर दिसलं नाही असं होईल. तुम्हाला ती नावं जाताना माहीतच नसतील तर बरं.

या एका दिवसाचा परिणाम काही दिवसांत ओसरेल. म्हणून ठाण्यातच दुसरी जागा धरा. तुमच्या दाराशी ठाणे खाडी आहे. फ्लेमिंगो अभयारण्य 2015 चं, रामसर यादीत 2022 पासून. हिवाळ्यापासून मेपर्यंत रोहित तिथे असतात. ओहोटीला चिखल लांबवर उघडा पडतो आणि पक्षी दूर जातात; पाणी चढायला लागलं की ते त्यांना किनाऱ्याकडे ढकलतं. म्हणून भरतीच्या आधीचे दोन तास गाठायचे. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, तेव्हा मागच्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. वेळापत्रक बघून जा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रापाशी स्टूल टाकून तास-दीड तास बसलात तरी पुरे. महिन्यातून दोनदा.

एक गोष्ट पक्ष्यांवर सोपवू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नीट लागत नसेल, जेवण जात नसेल, वजन उतरत असेल, किंवा जगून काय करायचं असे विचार येत असतील, तर आधी डॉक्टर, मग दुर्बीण. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि यजमानांना गोव्याला जायचंच असेल तर जरूर जा. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर उतरायचं, धक्क्याजवळच खारफुटीतलं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. सकाळच्या पहिल्या फेऱ्यांपैकी एक पकडा, त्यांना हॉटेलात झोपू द्या.